परिचालन प्रणालीचे स्थलांतर

परिचालन प्रणालीचे स्थलांतर : संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याच्या सर्व घटकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ही प्रणाली एका साठवण साधनावरून दुसऱ्यावर अशा रीतीने नेणे, की नव्या साधनावरून संगणक पूर्ववत सुरू व्हावा, यास प्रणालीचे स्थलांतर असे म्हणता येईल. प्रस्तुत नोंदीत या स्थलांतराच्या एकाच, परंतु सर्वांत व्यापक प्रकाराचा इतिहास दिला आहे. हार्ड डिस्क या नावाने परिचित असलेल्या फिरत्या चुंबकीय तबकडीवरून, एकही हलता भाग नसलेल्या घन-अवस्था साधनावर, म्हणजे एसएसडीवर, प्रणाली नेण्याचा हा प्रकार साधारणपणे २००८ नंतर रूढ होत गेला.

पत्र, छायाचित्र किंवा हिशेबाची फाइल यांची प्रत काढली की काम संपते. परिचालन प्रणालीच्या बाबतीत तसे होत नाही. कारण आपण कोणत्या जातीच्या साधनावर व त्याच्या कोणत्या जागी वसलो आहोत, याविषयीची गृहीते तिच्या घडणीतच मिसळलेली असतात. ही गृहीते चुंबकीय तबकडीने अर्धशतकभर घडविली होती. ती एकेक करून मोडावी लागली, तेव्हा कुठे प्रणाली नव्या साधनावर नीट नांदू लागली. मोठ्या शहरांतील पुष्कळांना याची जाणीवही झाली नाही, कारण त्यांनी एसएसडी असलेला नवा संगणकच विकत घेतला. सांगली जिल्ह्यातील जतसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे जुनाच संगणक आणखी काही वर्षे चालविणे भाग असते, तेथे मात्र प्रणाली खरोखरच हलवावी लागते आणि जुन्या गृहीतांशी गाठ पडते ती तेथेच. यास्तव नोंदीच्या उत्तरार्धात तेथील परिस्थितीचा विशेष विचार केला आहे.

तबकडीवरील वास्तव्य : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक ३०५ हा संगणक जाहीर केला. त्यातील साठवण यंत्रात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या एका आसावर मिनिटाला १,२०० फेरे या वेगाने फिरत. एक टनाहून अधिक वजनाच्या या यंत्रात ५० लक्ष अक्षरे मावत आणि हवे ते अक्षर सापडण्यास सरासरी ०·६ सेकंद लागे. त्या काळी प्रणाली अशी स्वतंत्र वस्तू जवळजवळ नव्हतीच. आज्ञा छिद्रित पत्रांवरून किंवा चुंबकीय फितीवरून भरल्या जात. तबकडी हे प्रणालीचे कायमचे घर होय, ही कल्पना सातव्या दशकात दृढ झाली. आयबीएमच्या ३६० मालिकेसाठी १९६६ मध्ये आलेल्या एका प्रणालीच्या नावातच ‘डिस्क’ हा शब्द होता. पुढे वैयक्तिक संगणकावरील डॉस या नावातही तो टिकून राहिला.

वैयक्तिक संगणकासाठी शुगार्ट टेक्नॉलॉजी (पुढे सीगेट) या कंपनीने १९८० मध्ये ५ मेगॅबाइट क्षमतेची ५¼ इंची तबकडी बाजारात आणली. मार्च १९८३ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी एक्सटी या संगणकात १० मेगॅबाइटची तबकडी बसवूनच दिलेली होती. त्याच सुमारास आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने तबकडीच्या अगदी पहिल्या सेक्टरात (५१२ बाइटांच्या खंडात) विभागांचे कोष्टक ठेवण्याची पद्धत घातली. त्या कोष्टकात चार विभागांपुरतीच जागा होती. ही तात्पुरती वाटणारी सोय पुढे तीस वर्षे जगभरच्या संगणकांवर टिकून राहिली.

प्रणालीची प्रत काढणे म्हणजे स्थलांतर नव्हे, हा धडा वापरणाऱ्यांना प्रथम डॉसने दिला. डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिच्या दोन मूळ फाइली मुख्य सूचीत पहिल्या दोन जागी आणि तबकडीवर ठराविक ठिकाणी असाव्या लागत, कारण त्यांना वर आणणारी प्रारंभिक आज्ञावली इतकी लहान होती, की अन्यत्र शोध घेणे तिला शक्य नव्हते. नेहमीच्या ‘कॉपी’ आज्ञेने या फाइली नेल्या, तर संगणक सुरू होत नसे. त्यासाठी ‘सिस’ अशी वेगळी आज्ञा होती. स्थलांतराचे एक स्वतंत्र साधन म्हणून तिचा उल्लेख इतिहासात करावयास हवा. काही आज्ञावल्या तर नक्कल रोखण्यासाठी तबकडीच्या एखाद्या विशिष्ट सेक्टरात गुप्त खूण लिहून ठेवीत. तबकडी बदलली की त्या चालण्याचे नाकारीत.

दुसरे एक गृहीत अधिक खोलवर रुजले. तबकडीवरील जागा शीर्ष, सिलिंडर आणि सेक्टर या तीन अंकांनी सांगण्याची रीत होती व एका मार्गावर जास्तीत जास्त ६३ सेक्टर धरले जात. पहिला मार्ग कोष्टकासाठी सोडून प्रणालीचा विभाग पुढील मार्गापासून सुरू होई. परिणामी विंडोज एक्सपीपर्यंतच्या (२००१) बहुतेक प्रणाल्या तबकडीच्या आरंभापासून ६३ सेक्टर, म्हणजे ३२,२५६ बाइट सोडून वसल्या. ही संख्या ४,०९६ ने नि:शेष भागली जात नाही. तबकडीवर या गोष्टीला काहीच महत्त्व नव्हते.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर वैयक्तिक संगणकांचा प्रसार वाढला. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने जिस्ट हे तंत्र पुढे नेले. मूळ कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत विकसित झालेल्या या तंत्रामुळे, डॉसवर चालणाऱ्या संगणकात एक पत्रा बसवून मराठी, कन्नड व इतर भारतीय लिप्यांत काम करता येऊ लागले. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे ही कामे तालुक्यांपर्यंत पोहोचली आणि सातबारा उतारा संगणकातून छापून मिळू लागला. म्हणजे नव्वदीच्या दशकापासून तालुक्याच्या गावातील तबकडीवर प्रणालीबरोबरच लोकांच्या जमिनी, कर्जे आणि दस्त यांच्या नोंदीही राहू लागल्या.

घन-अवस्था साठवण : अर्धसंवाहक मंडलांत माहिती साठवून ती तबकडीच्या जागी जोडण्याचा प्रयत्न जुना आहे. स्टोरेज टेक्नॉलॉजी या कंपनीने १९७८ मध्ये ४५ मेगॅबाइटचे असे साधन काढले. त्याची किंमत सु. ४ लक्ष डॉलर होती आणि वीज गेली की त्यातील माहितीही जात असे. वीज नसतानाही टिकणारी स्मृती निर्माण करण्याचे श्रेय जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांच्याकडे जाते. त्यांनी १९८४ मध्ये फ्लॅश स्मृती व १९८७ मध्ये तिचा नँड हा दाट व स्वस्त प्रकार जगापुढे मांडला. मोठा साठा एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या झगमगाटाची आठवण झाली व त्यावरून ‘फ्लॅश’ हे नाव पडले. सनडिस्क (पुढे सॅनडिस्क) या कंपनीने १९९१ मध्ये २० मेगॅबाइटचे फ्लॅश साधन आयबीएमला सु. १,००० डॉलर किंमतीस पुरविले. या कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा हे मूळचे कानपूरचे होत.

फ्लॅश स्मृतीचे वर्तन तबकडीहून मुळातच वेगळे आहे. तबकडीवर जुन्या मजकुरावरच नवा मजकूर लिहिता येतो. फ्लॅशमध्ये लेखन काही हजार बाइटांच्या ‘पेज’मध्ये होते, पण पुसणे अशा कित्येक पेजांच्या ‘ब्लॉक’मध्येच शक्य असते. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठराविक वेळाच पुसता येतो. एसएसडीमधील नियंत्रक हे सारे झाकून ठेवतो. प्रणालीने मागितलेला सेक्टर प्रत्यक्षात कोठे आहे याचे कोष्टक तो स्वतः सांभाळतो, झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून मजकूर हलवीत राहतो आणि बाहेरच्या जगाला मात्र आपण तबकडीच आहोत असे भासवितो. हे सोंग वठले नसते, तर जुन्या प्रणाल्या एसएसडीवर सुरूच होऊ शकल्या नसत्या. पुढच्या बहुतेक अडचणीही या सोंगातूनच उद्भवल्या.

पहिली अडचण ६३ व्या सेक्टरची. प्रणालीचा विभाग ४,०९६ च्या पटीत सुरू होत नसल्याने, तिच्या दृष्टीने एक असलेले लेखन एसएसडीवर दोन पेजांवर सांडू लागले. त्यामुळे काम वाढले आणि झीजही वाढली. विंडोज व्हिस्टापासून विभागाचा आरंभ १ मेगॅबाइटवर करण्यात आला. मात्र जुन्या प्रणालीची तंतोतंत प्रतिकृती काढली, की जुना दोषही तंतोतंत नव्या साधनावर येई. दुसरी अडचण खोडलेल्या फाइलींची. तबकडीला फाइल खोडल्याचे कळविण्याची प्रणालीला कधी गरज पडली नव्हती, कारण त्या जागेवर केव्हाही लिहिता येत होते. एसएसडीचा नियंत्रक मात्र निरुपयोगी मजकूरही मौल्यवान समजून हलवीत राही व साधन हळूहळू मंदावे. यासाठी ‘ट्रिम’ ही नवी आज्ञा ठरविण्यात आली. ऑक्टोबर २००९ मधील विंडोज ७ मध्ये व त्याच सुमारास लिनक्समध्ये ती आली. एक्सपीमध्ये ती कधीच आली नाही. तबकडीवर विखुरलेल्या फाइली सलग करण्याचा जो उपाय वर्षानुवर्षे हितकारक म्हणून शिकविला गेला होता, तो एसएसडीवर निष्फळ व झीज वाढविणारा ठरल्याने सोडून द्यावा लागला.

इतके करून लाभ कोणता? मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८·३ सहस्रांश सेकंदांत होतो. शीर्षाची हालचाल व अर्ध्या फेऱ्याची वाट धरली, तर विखुरलेल्या ठिकाणचे वाचन सेकंदाला शंभराच्या आतच होऊ शकते. एसएसडीवर तेच काही हजारांवर जाते. संगणक सुरू होताना प्रणाली हजारो लहान फाइली निरनिराळ्या जागांवरून वाचते. म्हणून संगणकाचा दुसरा कोणताही भाग न बदलता, केवळ प्रणाली हलविल्याने काही मिनिटांचा प्रारंभ अर्ध्या-पाऊण मिनिटावर येतो. छायाचित्रे, चित्रफिती किंवा जुने हिशेब एसएसडीवर नेण्याने असा फरक पडत नाही. याच कारणाने प्रणालीपुरती लहान एसएसडी व बाकी साठ्यासाठी जुनी तबकडी, अशी जोडी किफायतशीर ठरली.

स्थलांतराच्या दोन रीती : प्रणाली नव्या साधनावर प्रथमपासून मांडणे ही एक रीत व जुन्या साधनाची प्रतिकृती काढणे ही दुसरी. सेक्टरामागून सेक्टर उतरविणारी ‘डीडी’ ही आज्ञा युनिक्स प्रणालीत आठव्या दशकापासून आहे. न्यूझीलंडमध्ये मरे हॅझार्ड यांनी तयार केलेली घोस्ट ही आज्ञावली १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने घेतली आणि प्रतिकृती काढणे या अर्थी ते नावच कारागिरांच्या तोंडी रुळले. तैवानमधील राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रातून आलेली क्लोनझिला ही आज्ञावली विनामूल्य असल्याने बरीच पसरली.

जाणकार सहसा पहिल्या रीतीची शिफारस करतात. ती निर्दोष आहे, यात शंका नाही; परंतु ही शिफारस करताना जुन्या संगणकावर काय काय आहे याचा विचार क्वचितच केलेला आढळतो. हा विचार तालुक्याच्या गावात टाळता येत नाही.

जत परिसरातील परिस्थिती : जत हे डफळे घराण्याच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये बनलेल्या व १९६० मध्ये सांगली असे नाव मिळालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात त्याचा समावेश झाला. हा तालुका जिल्ह्याच्या पूर्व टोकास, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. त्यात शंभरावर गावे असून सीमेकडील गावांत कन्नड मोठ्या प्रमाणावर बोलली जाते व कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. अशा ठिकाणच्या छपाई केंद्रात, दस्तलेखकाकडे किंवा पतसंस्थेत संगणकाला दोन लिप्या सांभाळाव्या लागतात.

या लिप्यांतील मजकूर पुष्कळ काळ युनिकोडमध्ये लिहिला जात नसे. सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांसारख्या आज्ञावल्यांचे टंक आपापल्या सांकेतिक क्रमाने अक्षरे मांडीत. त्यांच्या अनेक आवृत्त्या संगणकाच्या मागे जोडावयाच्या लहानशा कुलुपाशिवाय चालत नसत. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय प्रणालीतच आली खरी, पण लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, ग्रामपंचायतींचे अहवाल व स्थानिक साप्ताहिके पेजमेकर या आज्ञावलीत जुन्या टंकांवरच तयार होत राहिली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधील आहे. असा संगणक नव्याने मांडावयाचा, तर जुनी तबकडी, कुलूप, त्याचा ड्रायव्हर आणि परवान्याचा क्रमांक हे सर्व हाती असावे लागते. दहा-पंधरा वर्षांनंतर ते असतेच असे नाही. टंक गेला, की फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. मोडी वाचणारा उरला नाही म्हणजे दप्तराचे जे होते, तेच येथे घडते. तेथील कारागीर प्रतिकृतीची रीत का पत्करतो, हे यावरून समजेल. शास्त्राच्या दृष्टीने दुय्यम असलेली ही रीत अशा ठिकाणी शहाणपणाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतिकृतीला स्वतःचे पेच आहेत. जुनी तबकडी ५०० गिगॅबाइटची व नवी एसएसडी १२० गिगॅबाइटची असेल, तर प्रथम साठा वेगळा काढून प्रणालीचा विभाग आखडता घ्यावा लागतो व उतरविताना त्याचा आरंभ ४,०९६ च्या पटीत आणावा लागतो. जोडणीची पद्धत बदलली आणि तिचा ड्रायव्हर प्रणालीत आधीपासून नसला, तर निळा पडदा येऊन संगणक थांबतो. सर्वांत फसवा पेच ओळखीचा आहे. विंडोज प्रत्येक साधन त्याच्यावरील एका अंकमुद्रेने ओळखते आणि प्रतिकृतीत ही मुद्राही उतरते. दोन्ही साधने जोडलेली असताना संगणक प्रथमच सुरू केला, तर दोन सारख्या मुद्रांपैकी खरी कोणती हा गोंधळ होतो. पहिला प्रारंभ जुनी तबकडी काढूनच करावा, हा नियम त्यातून आला. उलट प्रकारही घडतो. जुनी तबकडी जोडलेली ठेवून एसएसडीवर नवी प्रणाली मांडली, तर प्रारंभिक आज्ञावली कित्येकदा जुन्या तबकडीवरच राहते. काम उत्तम चालते. काही महिन्यांनी ती तबकडी निकामी होते आणि धडधाकट एसएसडी असूनही संगणक उठत नाही.

जतच्या हवेत उन्हाळा कडक व धूळ फार. तबकडीचा आस व शीर्ष यांना उष्णता आणि हादरे बाधतात; एसएसडीला हादऱ्यांचे भय नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे, आणि अवचित वीज जाण्याने तबकडीवरील प्रणाली बिघडणे ही नित्याची बाब होती. घन-अवस्था साधनाने हा धोका संपला, असा समज त्यामुळे सहज पसरला. तो बरोबर नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १५ एसएसडींचा वीजपुरवठा मुद्दाम तोडून पाहिला असता १३ साधनांत दोष आढळले. लेखन चालू असताना वीज गेली, तर नियंत्रकाचे अंतर्गत कोष्टकच अपुरे राहू शकते. मोठ्या संस्थांसाठी बनविलेल्या साधनांत अशा वेळी क्षणभर वीज पुरविणारी धारित्रे असतात, स्वस्त साधनांत ती सहसा नसतात. म्हणून एसएसडी बसविल्यावरही जुना यूपीएस काढून टाकू नये.

उष्णतेचा संबंध आणखी एका गोष्टीशी आहे. फ्लॅशमधील माहिती म्हणजे कोंडून ठेवलेला विद्युत् भार असून तो हळूहळू झिरपतो, आणि तापमान वाढले की अधिक वेगाने झिरपतो. पूर्ण वापर होऊन गेलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३०° से. तापमानास १ वर्ष माहिती राखावी, अशी आंतरराष्ट्रीय उद्योगमानकाची अपेक्षा आहे. नव्या साधनाची मुदत याहून पुष्कळ जास्त असते. तथापि पत्र्याच्या छपराखालील कपाटात वर्षानुवर्षे ठेवण्याच्या प्रतीसाठी हे माध्यम योग्य नाही. त्या कामी जुनी चुंबकीय तबकडीच बरी. तबकडी मरण्यापूर्वी बहुधा खडखड करून सूचना देते. एसएसडी पुष्कळदा एकाएकी मुकी होते व तिच्यातून माहिती काढणे फार कठीण जाते.

अलीकडील काळ : ऑक्टोबर २०११ मधील थायलंडच्या महापुरात तेथील कारखाने बुडाल्याने चुंबकीय तबकड्यांच्या किंमती जगभर चढल्या. त्यानंतरच्या दशकात एसएसडी स्वस्त होत गेल्या व लहान गावांतील दुरुस्तीच्या दुकानांतही सहज मिळू लागल्या. एनव्हीएमई या नव्या जोडणीने (२०११) तबकडीचे सोंगही सोडून दिले. तिची भाषा प्रथमपासून अर्धसंवाहक स्मृतीसाठीच रचलेली आहे. मात्र जुन्या बायॉसच्या संगणकांना या जोडणीवरून प्रारंभ करता येत नाही, आणि विंडोज ७ मध्ये तिचा ड्रायव्हर मुळात नव्हता. जुन्या संगणकांसाठी त्यामुळे साटा जोडणीची एसएसडीच घ्यावी लागते. १९८३ च्या चार-विभागी कोष्टकाची जागा हळूहळू जीपीटी कोष्टकाने घेतली. ते कोष्टक माहिती न पुसता बदलण्याचे साधन विंडोज १० मध्ये २०१७ साली देण्यात आले.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ (२०२१) साठी यूईएफआय व टीपीएम २·० हे सुरक्षाघटक आवश्यक असल्याने, एसएसडी बसवून वेगवान झालेले असंख्य संगणक तिला अधिकृतपणे अपात्र ठरले. त्यांतील काहींवर लिनक्सच्या आवृत्त्या बसविल्या जात आहेत. सी-डॅकची बॉस ही भारतीय भाषांची सोय असलेली आवृत्ती त्यांपैकीच होय. छपाई केंद्रांतील एक्सपीचे संगणक आंतरजालापासून तोडून नुसत्या छपाईसाठी ठेवणे, किंवा त्यांची प्रतिकृती नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून चालविणे, हे मार्गही अवलंबिले जातात. दुसऱ्या मार्गात कुलपाची जोडणी आभासी यंत्रापर्यंत पोहोचविणे हाच बहुधा कसोटीचा भाग ठरतो.

स्थलांतर पुरे झाल्यावर जुनी तबकडी उरते. तिच्यावर प्रणालीसह सर्व नोंदी जशाच्या तशा असतात. नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केल्याने त्या नाहीशा होत नाहीत. प्रती तपासून होईपर्यंत काही आठवडे ती बाजूला ठेवावी आणि नंतर सर्व सेक्टरांवर पुनर्लेखन करून मगच भंगारात द्यावी. एसएसडीच्या बाबतीत पुनर्लेखन पुरेसे नसते, कारण नियंत्रकाने बाजूला ठेवलेल्या ब्लॉकांपर्यंत ते पोहोचत नाही. तेथे साधनातच अंतर्भूत असलेली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते.